अजून थोडं भांडा

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळच्या दुधाची भांडी धुऊन पालथी घातली आणि तुमचं कपाट आवरायला घेतलं.

अक्का, तुमच्या साड्या धाकटी जाऊ म्हणून मीच दहावा झाल्यावर लगेच वाटल्या. त्यात काही अडलं नाही. कोणाला कोणती द्यायची हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, आणि हिरवी पैठणी धाकट्या नणंदेला द्यायची नाही हेही. राहिला होता तो खालचा खण, गोळ्यांचा. न उघडलेली पाकिटं एका पिशवीत घातली. ती डॉक्टरबाईंकडे देईन म्हणते, कोणा गरजूला होतील. उघडलेली दुसऱ्या पिशवीत. हे चाललं होतं तोवर चार वाजले आणि तुमच्या मोबाईलचा गजर वाजला.

तो अजून वाजतो. पहिल्या आठवड्यात मी बंद करायला गेले होते, तर दादा म्हणाले, "राहू दे गं. गोळी न्हाई घ्यायची, पन वेळ तर कळती." तुमचा नवरा पडवीत बसून तुमच्या गोळीची वेळ झालेली ऐकतो आणि मग चहा मागतो. मी करून देते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घड्याळ भिंतीवर आहे की.

गजर बंद केला आणि माझा फोन वाजला. गोरखचा होता. नगरच्या हॉस्पिटलात नंबर लावणारा आपला गोरख.

"ताई, उद्या गुरुवार. अक्कांचा नंबर वर घेतलाय. दुपारी वेळेवर या, पुन्हा माझ्या नावानं वरडू नका म्हनावं."

त्याला कोणी कळवलंच नव्हतं. सगळ्या गावाला, कारखान्यातल्या लोकांना, पार अकोल्याच्या तुमच्या मावसबहिणीलाही फोन गेले, आणि गोरखला नाही. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "अशा कशा गेल्या वो, मला न सांगता?" आणि पुढे विचारलं, "मग नंबर रद्द करू का?"

मी म्हणाले, "थांब. उद्या सकाळी सांगते."

हातातला नंबर असा सोडून द्यायचा म्हणजे जीवावर येतं. एवढ्या वर्षांत तुमच्याबरोबर राहून लागलेली सवय.

लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. आपला वाद अर्ध्यावर राहिला. ती डॉक्टर शोधली कोणी, मी की तुम्ही? संक्रांतीच्या आधी आपण शेवटचं भांडलो तेही यावरूनच, आणि मला वाटतं मी जिंकत आले होते. तेवढ्यात तुम्ही दुपारचं जेवून आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. हा काही वाद संपवायचा मार्ग नव्हे.

भेटायला येणाऱ्या बायका आवाज खाली करून विचारतात, "त्याच आजारानं का?" मी मोठ्या आवाजात सांगते, नाही. हृदय बंद पडलं. त्या आजाराला तुम्ही केव्हाच जागेवर बसवलं होतं. हे सांगताना मला बरं वाटतं, आणि तुम्हालाही वाटलं असतं.

तर पहिल्यापासून घेते.

तुमची डावी पापणी उतरायला लागली त्या वर्षी आपण रानातून घरी कांदा आणून निवडत होतो. सांजवेळेला तुमचा डोळा अर्धा मिटलेला. मला वाटलं कांद्याने झोंबतोय. मग कांदा विकून झाला, पण पापणी उतरायची काही थांबली नाही. सकाळी बघावं तर दोन्ही डोळे टक्क उघडे आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडताय. दिवस कलला की पुन्हा तेच. त्यानंतर एकाचे दोन दिसायला लागले. एकदा धार काढायला बसलात आणि हसत सुटलात. म्हणालात, "शैले, दोन म्हशी उभ्या दिसत्यात बघ. दूध मातर एकीचंच निगतंय." मीही हसले. घाबरायला पाहिजे होतं, पण तुम्ही हसवलंत की हसण्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही.

मग जबडा. भाकरीचा पहिला तुकडा नीट चावायच्या, अर्ध्या भाकरीवर आलात की हनुवटीला हात लावून जबडा वर उचलायच्या. दाताच्या डॉक्टरने दाढ काढली. चांगली दाढ. ती तुम्ही हळदीच्या डबीत ठेवून दिलीत. मी विचारलं कशाला, तर म्हणालात, "पुरावा हाय. हिच्यात काय निगालं न्हाई तर परत बशिवायला नेनार." दाढेत काही निघालं नाही. डबी आजही कपाटात होती. तिचं काय करायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून परत जागेवर ठेवली.

या सगळ्यात वाईट होतं ते आवाजाचं. तुमचा आवाज म्हणजे काय होतं, ते गावाला माहीत आहे. बाजारात तुम्ही भाव सांगायला लागलात की शेजारच्या तीन पालांवर भाव उतरायचे. तो आवाज सांजेला नाकात जायचा. चार वाक्यं बोललात की शब्द विरघळायचे. पाणी पिताना नाकातून बाहेर यायचं आणि ठसका लागायचा तो थांबायचा नाही. एकदा घास अडकला आणि तुम्ही निळ्या पडलात. मी पाठीत धपाटे घातले, तेव्हा कुठे श्वास आला. त्या दिवसापासून तुम्ही माणसांसमोर जेवणं सोडलंत, आणि मी तुमच्यावर नजर ठेवायला लागले.

घरात मात्र एकच वाक्य फिरत होतं. संध्याकाळच्या भाकरीलाच कसा आजार येतो? सकाळी रानात जाऊन खुरपते, दुपारी पाहुण्यांशी गप्पा मारते, आणि चूल पेटवायची वेळ झाली की हात गळतात. दादा म्हणाले, सासरे म्हणाले, शेजारीपाजारी म्हणाले. संध्याकाळच्या सगळ्या भाकरी माझ्यावर आल्या होत्या, तेव्हा खरं सांगायचं तर मीही कधी कधी परातीशी पुटपुटत होते. तुम्हाला ऐकू येत होतं. तुम्ही एकदा म्हणालात, "पुटपुटू नको, मोठ्यानं बोल. मला भांडता तरी येईल." आणि भांडायला तोंड उघडलंत तर दुसऱ्या वाक्याला आवाज गेला. मग आपण दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसलो.

दवाखाने किती केले ते मोजत नाही. आपली पद्धत मात्र ठरलेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं असलं की आदल्या दिवशी तुम्ही कशाला हात लावायचा नाही. मी लावूच द्यायची नाही. "उद्या दवाखान्यात जायचंय, दमू नका." जेवण लवकर, झोप लवकर. पहाटे न्हाऊन, वेणी घालून, ठेवणीतली साडी नेसून आपण सोनईच्या स्टँडवर पहिल्या गाडीला उभ्या. डॉक्टरपुढे कळकट जायचं नाही आणि उशिरा तर मुळीच नाही, कारण पहिला नंबर लागला तर दुपारच्या आत घरी येता येतं. घोडेगाव येईपर्यंत तुम्ही खिडकीला डोकं टेकून छान झोपी जायच्या. नगरला डॉक्टरपुढे बसलात की डोळे लख्ख, आवाज खणखणीत. डॉक्टर विचारायचे, "काय होतंय आजी?" आणि तुम्ही, चाळिशी नुकतीच उलटलेल्या, आधी त्यांना "आजी कुनाला म्हनता?" म्हणून झाडायच्या.

डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी सांगायची, संध्याकाळी असं होतं, तसं होतं. ते टॉर्च मारून बघायचे. सगळं नॉर्मल. रक्त नॉर्मल, डोक्याचा फोटो नॉर्मल. एकाने चष्मा दिला, एकाने टॉनिक. एकाने तुम्हाला बाहेर बसवून मला विचारलं, घरात काही त्रास आहे का त्यांना? मी म्हटलं, त्रास त्यांचा घराला आहे. त्याने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या तेव्हा तुम्ही भरदुपारीही उठेनात, म्हणून मी त्या उकिरड्यात टाकल्या.

तुमचा संध्याकाळचा फोटो काढून डॉक्टरला दाखवावा हे मला सुचलं नव्हतं असं नाही. शेजारच्या पोराचा मोबाईल घेऊन मी आलेही होते. तुम्ही पदर ओढून घेतलात. "पडक्या तोंडाचा फोटो काढतीस व्हय? लग्नात काढला न्हाई कुनी नीट, आन् आता आली फोटू काढायला." तुम्ही पदर सोडलाच नाही. मीही हट्ट सोडला. तो हट्ट धरला असता तर वर्षभर वाचलं असतं का, यावरही आपण पुढे भांडलो. त्यात तुम्ही जिंकलात, कारण फोटोत तुम्ही सुंदर दिसला नसतात, हे मला कबूल होतं.

मग आला पापणी शिवणारा डॉक्टर. त्याचा दवाखाना गार, खुर्च्या मऊ. त्याने पापणी बोटाने उचलून पाहिली. म्हणाला, स्नायू सैल पडलाय, वर बांधून टाकू, सोपं ऑपरेशन आहे. तारीखही दिली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. एकदाचं काहीतरी सापडलं, कापलं की झालं. दादा तर म्हणाले, "डोळा वर बांदला की भाकरी बी हुतील."

मला पटेना. पापणी सकाळी वर असते. मग सकाळी बांधलेली असते आणि संध्याकाळी सुटते, असं कसं? आणि घशातलं पाणी नाकात येतं त्याला पापणी काय करणार? मी म्हटलं, ऑपरेशनच्या आधी एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं, मग काय कापायचं ते कापा. घरातून विरोध झाला. तुम्हीही म्हणालात, "बास झालं शैला. बांदू दे." तुम्ही कधी नव्हे ते दमला होतात. मी ऐकलं नाही. हा माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, अक्का, आणि तुम्ही तो दर वेळेला ऐकून न ऐकल्यासारखा करायच्या.

त्या गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलातही आपण पहिल्याच गाडीने गेलो. ठेवणीतली साडी, झोपलेलं अंग, सगळं नेहमीसारखं. पण आपल्या डॉक्टरला कुठेतरी तातडीने जावं लागलं आणि आपण त्या लांब बाकावर बसून राहिलो. अकरा वाजले, एक वाजला. डबा उघडला तर तुम्ही दोन घास खाल्ले आणि जबडा धरला. दुपार कलली तेव्हा डॉक्टर आले. आपला नंबर पहिला. तेवढ्यात पांढऱ्या गाडीतून कोणीतरी आलं, हातात कोण्या साहेबाची चिठ्ठी, आणि टेबलावरच्या माणसाने त्यांना सरळ आत सोडलं.

तो माणूस म्हणजे गोरख. तेव्हा त्याला आपण ओळखत नव्हतो, त्यामुळे त्याचं काही खरं नव्हतं.

तुम्ही उठलात. पदर खोचलात. "ए बाबा, सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्यात आमी. नंबर माजा हाय. तू चिठ्ठी वाचून आत सोडतो, तर आमी काय हितं वाळवनं घालाया बसलोय का?"

गोरख म्हणाला, "मावशी, वरडू नका, हॉस्पिटल हाय."

"मावशी म्हनू नको! नंबराचं बोल!"

सगळा पॅसेज वळून बघायला लागला. दुसऱ्या बायकाही तुमच्या बाजूने उठल्या. तुम्ही रंगात आलात, अगदी बाजारातल्यासारख्या. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ते सुरू झालं. तिसऱ्या वाक्याला शब्द नाकात गेले. चौथ्याला "नंबर" म्हणताना "मंबर" आलं. डावी पापणी उतरली, मागोमाग उजवीही. तुम्ही मान मागे टाकून पापण्यांच्या फटीतून गोरखकडे बघत होतात, एका हाताने हनुवटी धरलेली, दुसरा हात त्याच्या टेबलावर आपटायला उचललेला, आणि तो हातही वर जाता जाता खाली येत होता. गोरख घाबरला. त्याला वाटलं बाई झटका येऊन पडते.

समोरच्या खोलीचं दार उघडलं. एक उंच, केस बारीक कापलेली डॉक्टरीणबाई बाहेर आली. पुण्याहून दर गुरुवारी दुपारी येणारी, मेंदू आणि मज्जातंतूंची डॉक्टर, हे नंतर कळलं. मला वाटलं आता ही आपल्याला बाहेर काढणार. तुम्हीही तिला पाहून गप्प झालात.

ती जवळ आली, तुमच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थांबू नका. अजून थोडं भांडा."

तुम्ही त्या विरलेल्या आवाजात म्हणालात, "थट्टा करता का बाई?"

"नाही हो. तुमचा आवाज ऐकतेय. काय म्हणत होतात याला? म्हणा परत."

आणि तुम्ही, आवाज उरला नव्हता तरी, गोरखला परत झापलंत. मला वाटतं त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरच्या सांगण्यावरून शिव्या खाणारा तो पहिलाच माणूस असेल. तो आजही हे सांगतो.

तिने आपल्याला आत घेतलं. आपण तिचे पेशंटही नव्हतो. तुम्हाला म्हणाली, छताच्या पंख्याकडे बघत राहा, मी सांगेपर्यंत डोळे खाली आणू नका. तुम्ही बघत राहिलात आणि पापण्या आपोआप खाली येत राहिल्या, दुकानाचं शटर ओढावं तशा. मग आकडे मोजायला लावले. वीस-पंचवीसपर्यंत ठीक, तिशीत नाकात. मग तिने कँटीनमधून बर्फ मागवला. गोरखच घेऊन आला, पळत. रबरी हातमोज्यात तो बर्फ भरून मिटलेल्या डोळ्यावर ठेवला आणि घड्याळ बघत बसली. थोड्या वेळाने काढला. पापणी वर गेलेली. डोळा सकाळसारखा टक्क.

मी तोंडावर हात धरला. तुम्ही एका डोळ्याने मला, मग तिला, मग बर्फाला बघितलंत आणि म्हणालात, "बर्फानं उगडतंय व्हय? मग एवढं दवाखानं कशाला केलं मी? गारीगारवाल्याकडंच गेले असते की."

डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलून हसली. मग मला विचारलं, "इतके दिवस डॉक्टरांकडे कधी जायचात?"

"सकाळच्या पहिल्या गाडीनं."

"आणि आदल्या दिवशी?"

"काही काम करू द्यायची नाही मी त्यांना. दमायला नको म्हणून."

ती नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "हा आजार दमल्यावर दिसतो. विश्रांती मिळाली की लपतो. तुम्ही यांना छान झोपवून, ताज्या करून आणत होता आणि आजार सोनईतच ठेवून येत होता."

मला माझ्या दूध केंद्राची आठवण झाली. सकाळचं दूध वेगळं तपासते, संध्याकाळचं वेगळं, कारण दोन्ही वेळेला फॅट सारखी लागत नाही, हे केंद्रावर येणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुमची तपासणी मात्र मी वर्षभर एकाच वेळेची देत होते. मी हे तिथे बोलून दाखवलं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजी मी म्हैस." तसं नव्हतं म्हणायचं.

नुसत्या बर्फावर नाव देणार नाही, असं डॉक्टरबाईने स्पष्ट सांगितलं. रक्ताची एक वेगळी तपासणी पुण्याला पाठवली, नसांना बारीक झटके देऊन बघितलं, छातीचा स्कॅन केला. दोन आठवड्यांनी नाव आलं. मायस्थेनिया. ते तुम्हाला कधीच म्हणता आलं नाही, म्हणून तुम्ही त्याला "पाहुणा" म्हणायच्या. डॉक्टरबाईने समजावून सांगितलं होतं, की मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूच्या दारापर्यंत नीट येतो, पण तिथे शरीरातलीच माणसं वाट अडवून उभी असतात, हुकूम आत जाऊ देत नाहीत. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजी घरातलेच?"

"हो, घरातलेच."

"मग सवय हाय मला," म्हणालात.

पापणीचं ऑपरेशन रद्द झालं. गोळ्या सुरू झाल्या. एक दर चार तासांनी, तिचा परिणाम तासाभरात दिसायचा. कोणती औषधं घ्यायची नाहीत ते तुम्ही पाठ केलंत आणि त्यानंतर साध्या सर्दीचा डॉक्टरसुद्धा तुम्हाला घाबरायला लागला, कारण तो लिहायच्या आधी तुम्ही त्याची परीक्षा घ्यायच्या. बाहेर जायचं म्हटलं की डबा एक वेळ विसरला तरी चालेल, गोळी नाही.

पहिल्या संध्याकाळची भाकरी मला आठवते. चारची गोळी घेऊन तुम्ही मला चुलीपासून उठवलंत. परात ओढलीत. थापल्याचा आवाज ऐकून दादा पडवीतून आत येऊन उभे राहिले. पहिली भाकरी जरा वाकडी झाली, दुसरी गोल आली. पंगत बसली. दादांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटाकडे बघत म्हणाले, "आज भाकरी चांगली झाली."

तुम्ही तव्याकडेच बघत होतात. म्हणालात, "शैलाच्या हातची खाऊन जीभ मेली हुती तुमची. आज जिती झाली."

वर्षभर 'नाटक' म्हणणाऱ्या माणसाची ती माफी होती, आणि तुम्ही ती माझ्या भाकरीवर ढकलून मोकळ्या झालात. मी त्या दिवसापुरतं सोडलं. माझ्या भाकरी वाईट नसतात.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं आपण गुरुवारी दुपारच्या गाडीने जात राहिलो. साधी साडी, रानातून आलेले पाय धुऊन. डॉक्टरबाई तुम्हाला बघितलं की विचारायची, "आज भांडून आलात की इथे भांडणार?" गोरखला तुम्ही दर उन्हाळ्यात कुरडया न्यायच्या आणि दर वेळेला नंबरावरून टोचायच्याही. मधे दोनदा पाहुणा चवताळला, एकदा तर दवाखान्यात ठेवावं लागलं आणि नळी घालावी लागली. तेव्हा बोलता येत नव्हतं, तर तुम्ही हातवारे करून नर्सशी भांडलात. मला हातवारे करून सांगितलंत, केंद्रावर जा, दूध नासेल. मी गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दूध आमच्या ह्यांनी घेतलं, आणि त्यांनी फॅटच्या नोंदी चुकवल्या, त्या निस्तरायला मला आठवडा गेला. तेही सांगितलं नाही.

आणि वाद तर चालूच. मी म्हणायची, ऑपरेशनला अडून बसले म्हणून आपण त्या हॉस्पिटलात गेलो, म्हणजे डॉक्टर मी शोधली. तुम्ही म्हणायच्या, "तू मला दुसऱ्याच दाराम्होरं बशिवली हुती. त्या दारात गेले असते तर तो बी नॉर्मलच म्हनला असता. मी भांडले म्हनून खरं दार उगडलं." मी म्हणायची, मी नेलं नसतं तर भांडला कुठे असता? तुम्ही म्हणायच्या, "भांडायला जागा लागत न्हाई मला." गोरखला पंच केला, तर तो म्हणाला, मी चिठ्ठीवाल्याला आत सोडलं म्हणून सापडली, श्रेय माझं. त्याला आपण दोघींनी मिळून गप्प केलं.

हे लिहिता लिहिता संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली, म्हणून उठून गेले. परत आले तेव्हा लिहायला एक गोष्ट वाढली होती.

वस्तीवरची सुमन तुम्हाला माहीत आहे, दोन किटल्या घेऊन येते ती. सकाळी ती दोन्ही किटल्या एकटी आणते. संध्याकाळी हल्ली एकच आणते, तीही पायरीवर ठेवून बसते. आज किटली हातातून निसटली, दूध ओट्यावर सांडलं. रांगेतला कोणी हसून म्हणाला, "सांज झाली, सुमनबाईचं सुरू झालं." तिने मान वर केली नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. दोन दवाखाने झालेत. दोन्ही वेळेला सगळं नॉर्मल. मी विचारलं, कधी गेली होतीस? सकाळी. आदल्या दिवशी? "सासूनं आराम करायला लावला वो, म्हनली डॉक्टरपुढं बरी दिस."

तोच आजार असेल असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. साधं रक्तही कमी असेल तिचं. पण तिला म्हटलं, उद्या माझ्याबरोबर नगरला चल. घाईत वेळ सांगायची राहून गेली.

गुरुवार. अजून झुंजूमुंजू होतं, मी पडवीशेजारच्या केंद्राचं कुलूप काढत होते, तर सुमन दारात उभी. न्हालेली, वेणी घातलेली, ठेवणीतली निळी साडी, हातात पिशवी. "ताई, चला. पहिली गाडी यील आता."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माघारी जा. साडी बदल. रोजचं सगळं काम कर, गोठा, खुरपणी, धुणं, काही सोडू नको. दुपारी मी बोलवायला येते. त्या गाडीत झोपायचं नाही, माझ्याशी बोलत बसायचं."

तिला काही कळेना. "दमून जायचं डॉक्टरकडं?"

"दमूनच जायचं."

"अशी कसली डॉक्टर ही? तुमाला कशी घावली?"

पडवीत दादा उठून बसले होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं, "मला नाही घावली. आमच्या अक्कांनी शोधली. भांडून."

दादांनी खोकल्यासारखं केलं. पहिली गाडी रस्त्यावरून गेली. सुमन पिशवी घेऊन वस्तीकडे वळली.

मग गोरखला फोन लावला. "नंबर रद्द करू नको. अक्कांच्या जागी सुमन लिही."

"लिहितो. पन ताई, आज गर्दी लई हाय. एखादा चिठ्ठीवाला मधे घुसंल, आधीच सांगून ठेवतो."

"येऊ दे," मी म्हणाले. "मी आहे सोबत."

फोन ठेवला आणि रांगेतली पहिली किटली पुढे घेतली.